इंग्रजसरांचं पारायण

इंग्रजी कादंबरी उघडण्याआधी हातपाय धुणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शाळा सुटली की ते घरी यायचे, न्हाणीत जाऊन पायांवर दोन तांबे पाणी घ्यायचे, खुंटीवरची पांढरी टोपी डोक्यावर ठेवायचे आणि ओसरीत पाट मांडून बसायचे. समोर ग्रंथ ठेवायची लाकडाची घडीची रेहल, आणि तिच्यावर अमेरिकेतल्या कुठल्याशा जुन्या कादंबरीची फाटकी प्रत. कुणी आलं, कुणी हाक मारली, तरी अध्याय संपेपर्यंत उठायचे नाहीत. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा पदर तोंडाला लावून घरात पळाले. मी गणिताची बाई, खामगावची, त्यांच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहणारी. म्हाताऱ्याला नोकरीच्या शेवटच्या वर्षी काय झालं, असंच मला वाटलं.

गाव त्यांना इंग्रजसर म्हणायचं. जानेफळपासून थोडं आत, आमच्या गावच्या हायस्कुलात त्यांनी अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. पंचक्रोशीत इंग्रजीचा कागद आला की तो फिरत फिरत त्यांच्या ओसरीवर यायचाच. विम्याचे कागद, बँकेची पत्रं, फवारणीच्या डब्यासोबतची चिठ्ठी, एकदा तर नव्या मिक्सरचं माहितीपुस्तक. सर चष्मा लावायचे आणि आधी सगळा कागद खणखणीत आवाजात इंग्रजीतून वाचायचे. समोरचा माणूस हात जोडल्यासारखा बसून राहायचा. "आधी आयकून घ्या, मंग मतलब सांगतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मतलब कधी कधी दोन ओळींचाच निघायचा, पण लोकांना त्या आवाजानंच निम्मा धीर यायचा.

अशा माणसानं मला एसटीत जे सांगितलं, ते ऐकून मी खिडकीबाहेर पाहायचं विसरले. खामगावला एका कॉलेजात शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. गणितवाले एका वर्गात, इंग्रजीवाले शेजारच्या. संध्याकाळी मेहकरच्या गाडीत सर माझ्या शेजारी येऊन बसले तेव्हा त्यांच्या मांडीवर एक पोतं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयानं जुनी पुस्तकं काढून व्हरांड्यात टाकली होती, त्यातून हे घेऊन आले म्हणाले. गाडी सुटली तरी गप्पच. एरवी हा माणूस कंडक्टरलाही दोन इंग्रजी शब्द ऐकवल्याशिवाय राहायचा नाही.

"मॅडम, एक गोष्ट सांगतो. कोनाले सांगू नका," ते म्हणाले. "मी आजवर एकबी इंग्रजी पुस्तक पुरं वाचेल नाई. धडे वाचले, गाईड वाचलं, पेपर तपासले. पुस्तक नाई वाचलं."

"त्यात काय एवढं?" मी म्हटलं. "मी तरी गणिताचं कोणतं पुस्तक अख्खं वाचलंय?"

"तुमचं बरं हाये. तुमचं उत्तर चुकलं तं मांगून ताळा करता येते. मी आज त्या पोरीसमोर खोटं बोललो."

ती पोरगी म्हणजे प्रशिक्षण देणारी तरुण बाई. तिनं प्रत्येकाला विचारलं, तुम्ही शेवटचं इंग्रजी पुस्तक कोणतं वाचलंत. सरांनी दहावीच्या धड्याचा आधार घेतला. पाठ्यपुस्तकं बदलली तरी तो धडा राहिलेला, त्यामुळे आमच्याकडे सगळ्यांना पाठ. एका अमेरिकन कादंबरीतला उतारा होता. लढाईहून परतणारा एक माणूस दिवसच्या दिवस चालत नदीपाशी येतो, आणि पलीकडच्या काठावर त्याला आपल्या घराच्या खिडकीत दिवा दिसतो. उतारा तिथंच संपायचा. पहिला प्रश्न, दिवा पाहून त्याला काय वाटलं? गाईडातलं उत्तर, तो आनंदी झाला, कारण घरचे लोक त्याची वाट पाहत होते. सरांनी त्या कादंबरीचं नाव सांगून टाकलं. बाईंनी कौतुकानं विचारलं, शेवट कसा वाटला तुम्हाला? सर म्हणाले, छान, घरी पोचतो ना.

"मग?" मी विचारलं.

"मंग काई नाई. 'बरं' म्हने, आन पुढच्याले विचारलं." त्यांनी पोत्याच्या तोंडावर हात ठेवला. "त्या 'बरं'मधी काईतरी होतं, मॅडम. हे पाहा, ते पुस्तकच इथं भेटलं. पोत्यात बारा पुस्तकं पुरी निघाली. एक वर्स राह्यलं माझं. बाराई वाचतो. मंगच रिटायर होतो. नाई तं इंग्रजसर म्हनून हार घालून घेनं म्हंजे चोरी हाये."

पुस्तकं बहुतेक अमेरिकेतली. कुण्या काळी कॉलेजांना भेट म्हणून आलेली, आतल्या पानावर निळा शिक्का. अख्खं पुस्तक वाचायचं कसं, हे सरांनी एकाच ठिकाणी पाहिलं होतं. त्यांचे वडील श्रावणात पोथी लावायचे. पाय धुवायचे, टोपी घालायची, एक बैठक मोडायची नाही, एक ओळ गाळायची नाही, अर्थ लागो न लागो उच्चार पुरा करायचा. ऐकणारं कुणीतरी हवं, कारण एकट्यानं वाचली तर ती पोथी कसली. आणि लावलेली पोथी समाप्तीशिवाय गुंडाळून ठेवायची नाही. सरांनी ही सगळी रीत जशीच्या तशी अमेरिकेला लावली. समाप्तीच्या शिऱ्यासकट.

ऐकणारे आम्ही तिघं. एक काकू, म्हणजे सरांच्या मिसेस. त्या जाफराबादकडच्या शेतकरी घरातल्या, शाळा चौथीपर्यंत. दुसरे गफूरभाई, शाळेचे शिपाई, समोरच राहणारे. पहिल्या दिवशी सरांनी पुस्तक पाटावरच ठेवलेलं पाहून ते घरी गेले आणि रेहल घेऊन आले. "घरात दोन हायेत सर, एक रिकामीच पडली. किताब खाली नका ठेऊ," एवढंच बोलून खांबाला टेकून बसले ते वर्षभर तिथंच बसले. तिसरी मी. माझ्या मांडीवर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा असायचा आणि कानांना काम नसायचं, म्हणून मी ऐकायची. निदान मी तसं सांगायची.

वाचताना सरांच्या उजव्या हाताचं बोट ओळीवर असायचं. एखादी ओळ निसटली, किंवा आमच्यापैकी कुणी पेंगलं, की डावा हात वर जायचा, तर्जनी उभी. "सुटलं. मागं चला." आणि परिच्छेदाच्या आरंभापासून पुन्हा सुरुवात. एकदा मी वैतागून म्हटलं, सर, एका ओळीनं काय अडलंय? ते शांतपणे म्हणाले, "मी अठ्ठावीस वर्स एक एक ओळच सोडली, मॅडम. पाहा केवढं राह्यलं." मी मान घालून पुढची वही ओढली. बोलण्यात मी सहसा हरत नाही.

बारातलं एक पुस्तक कादंबरी नव्हतंच, मधमाश्या पाळायचं होतं. मी म्हटलं, हे बाजूला ठेवा. पण पोत्यात आलं म्हणजे वाचायचंच, हा हट्ट. खोक्यांची मापं, तक्ते, सगळं टोपी घालून वाचलं. गफूरभाई त्या आठवड्यात एकदाही पेंगले नाहीत. पुढं एक रशियातली जाडजूड कादंबरी लागली तेव्हा तिच्यातल्या नावांनी आम्हाला घेरी आली. काकूंनी मग सरळ बारसंच करून टाकलं. एक लांबदाढ्या, एक खोकलेवाली, एक कर्जुल्या. संध्याकाळी पाट मांडला जायच्या आधीच त्या विचारायच्या, "आज खोकलेवाली जगन का व?"

कार्तिकात, आमच्याकडे कापसाची वेचणी चालू असताना, अमेरिकेतल्या कापसाच्या मुलखाची एक कादंबरी आली. तिच्यात वेचणाऱ्या बाया गाणी म्हणत होत्या. सरांनी मतलब सांगितला की कामात आनंद वाटत होता म्हणून गात होत्या. काकू तूरडाळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "वेचनीत गानं कोन खुशीनं म्हन्ते? कंबर मोडते म्हनून म्हन्तेत. गानं बंद झालं का पाठ आठोते."

सरांचा डावा हात वर गेला, "मागं चला." पुन्हा वाचलं, आणि तीन ओळींखाली खरोखरच वाकलेल्या पाठींचं वाक्य होतं. सरांनी ते मघाशी वाचलं होतं, पण अर्थ आधीच ठरवून बसल्यामुळे त्यांच्या कानाला लागलं नव्हतं. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि कडेच्या कोऱ्या जागेत लिहिलं, "सौ.चं बरोबर." ते पुस्तक आज माझ्याकडे आहे. ती पेन्सिलची अक्षरं अजून पुसट झालेली नाहीत.

त्या वर्षी वर्गातही ते बदलले. "मले माईत नाई, वाचून सांगतो," असं इंग्रजसर मुलांसमोर म्हणाले, ही बातमी मधल्या सुट्टीत गावभर झाली. मुख्याध्यापकांना ते रुचलं नाही. मला मात्र त्या दिवसापासून या माणसाबद्दल जे वाटायला लागलं, त्याला आदर हाच शब्द आहे. अठ्ठावीस वर्षं येतं म्हणून मिरवल्यावर येत नाही म्हणणं किती अवघड असतं, हे शिक्षकाशिवाय कुणाला कळणार नाही.

अकरा पुस्तकं झाली, अकरा वेळा शिरा झाला. बारावं, म्हणजे ते नदीवरच्या माणसाचं पुस्तक, त्यांनी टॉवेलात गुंडाळून फडताळात ठेवलं होतं. मी एकदा विचारलं, हे आधी का नाही काढलं? ते म्हणाले, शेवटी.

"घाबरता का सर?"

"हाव," ते म्हणाले. इतकं सरळ उत्तर आलं की मी पुढं चेष्टा केली नाही.

फाल्गुन संपता संपता ते पुस्तक रेहलवर आलं. निवृत्तीला दोन महिने होते. वाचन निम्म्यावर गेलं असेल. एका सकाळी नववीच्या वर्गात हजेरी घेताना त्यांच्या तोंडून पुढचं नाव निघेना. मुलांना वाटलं सर मजा करताहेत. मग खडू पडला, आणि सर खुर्चीवरून घसरले. गफूरभाईंनी त्यांना उचलून गाडीत घातलं, अकोल्याला नेलं. लकवा होता. तीन आठवड्यांनी घरी आणलं तेव्हा उजवी बाजू गेलेली होती आणि वाचा गेलेली होती. समजत मात्र सगळं होतं. डॉक्टर काय म्हणाले ते काकूंनी मला एका वाक्यात सांगितलं, "आयकतेत सारं, बोलत नाईत."

घरी आल्याच्या चौथ्या दिवशी काकू माझ्या दारात उभ्या. हातात ते पुस्तक, आत खूण म्हणून घातलेली बसची तिकिटं.

"अर्ध्यावर राह्यली हाये. लावेल पोथी अशी ठेवत नाईत. तुमी वाचा."

"काकू, मला नुसतं वाचता येतं. मतलब सांगणं मला जमणार नाही."

"जमन तसा सांगा. ते आयकून घेतीन."

मी न्हाणीत जाऊन पायांवर पाणी घेतलं. एका वर्षापूर्वी ज्याला हसून मी घरात पळाले होते तेच. सरांची बाज ओसरीत आणली होती. ते माझ्या पायांकडे पाहत होते, ओले आहेत की नाहीत. ओले दिसल्यावर त्यांनी मान टेकली.

मी वाचायला लागले. माझं इंग्रजी म्हणजे गणितं सोडवण्यापुरतं. उच्चार चुकला की डावी तर्जनी वर. ओळ सुटली की तर्जनी वर. बोलता येत नसलं तरी ते "मागं चला" मला ऐकू यायचं. रोज तीन-चार पानं, कधी दोनच. गफूरभाई खांबाला टेकून, काकू सरांच्या उशाशी. निवृत्तीचा दिवस जवळ येत होता, आणि शाळेत निरोप समारंभाची तयारी चालू होती.

मग एका संध्याकाळी तो धडा आला. नदी, अंधारत आलेलं पाणी, पलीकडचा दिवा. सरांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते, आवाजाशिवाय. अठ्ठावीस वर्षं शिकवलेली वाक्यं. उतारा संपला आणि मी पान उलटलं. गणिताच्या माणसाला एक खोड असते, डोळा आधी उत्तराकडे धावतो. माझा धावला. आणि मला कळलं की दिवा दुसऱ्याचा होता. हा लढाईवर असताना घर विकलं गेलं होतं, त्याची माणसं कुठल्या कुठं निघून गेली होती. घरात आता अनोळखी कुटुंब होतं. त्यांनी दारात आलेल्या पांथस्थाला आत घेतलं, जेवू घातलं, झोपायला जागा दिली. हे घर माझं होतं, असं तो शेवटपर्यंत सांगत नाही. सकाळी त्यांचे आभार मानतो आणि वाटेला लागतो.

मी सरांकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस असा बाजेवर पडलेला. मला वाटलं, आता हे कळून कुणाचं काय भलं होणार आहे? मी दीड पान सोडलं. शेवटच्या परिच्छेदात सकाळचं ऊन आणि रस्ता होता, तेवढंच वाचलं आणि म्हटलं, "घरी पोचला तो. सकाळ झाली. संपलं पुस्तक."

काकूंनी हात जोडले. "चला, पोचला बिचारा," गफूरभाई म्हणाले.

सरांची तर्जनी वर गेली. मी दिसलं नाही असं केलं. पुस्तक मिटायला लागले. तर्जनी खाली येईना. त्यांनी शब्द ऐकले होते, आणि शब्दांमधली खाचही ऐकली होती. त्यांच्या नजरेत राग नव्हता. कॉपी करताना सापडलेल्या चांगल्या मुलाकडे ते तसे पाहायचे. माझी मान खाली गेली. मी मागं गेले आणि सोडलेलं दीड पान शब्द न शब्द वाचलं. मग मतलब सांगितला, जमेल तसा, अडखळत. मला रडू येत होतं, ते लपवलं नाही.

काकू म्हणाल्या, "जेवू तं घातलं ना त्याले?"

"हो काकू. पोटभर."

"आपल्याच घरी मेहमान," गफूरभाई म्हणाले आणि टोपी काढून हातात घेतली.

सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तोंडाची चांगली बाजू हसत होती. पुस्तक पुरं झालं होतं. काकू उठल्या, डोळे पुसले आणि शिरा करायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी खुणेनं वही मागितली. डाव्या हातानं, पहिलीतल्या मुलासारखी अक्षरं काढत, दोन दिवस एक चिठ्ठी लिहीत होते; समारंभात ती मी वाचायची होती. निरोप समारंभाला त्यांना खुर्चीवर बसवून नेलं. भाषणांत सगळ्यांनी त्यांना इंग्रजीचा वाघ म्हटलं. मुख्याध्यापकांनी चिठ्ठी आधी पाहिली होती. "मॅडम, हे कशाला वाचता? आजच्या दिवशी शोभत नाही," ते माझ्या कानात म्हणाले. मी म्हटलं, एक ओळही सोडायची नाही असं मला सांगितलेलं आहे. आणि माईकवर वाचली:

"ज्यांनी माझ्याकडे दहावी केली त्यांच्यासाठी. नदीच्या धड्यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं सांगितलं. मी पुस्तक वाचलं नव्हतं. आता वाचलं. दिवा दुसऱ्याचा होता. तरी त्यांनी त्याला जेवू घातलं. दुरुस्त करून घ्यावं."

मांडवातून मागून कुणीतरी म्हणालं, "सर, मले तं त्याच उत्तराले पुरे मार्क भेटले होते." सगळे हसले. सरही हसले, अर्धे. आणि मग लोक उठून एकेक करत त्यांच्या पायाशी यायला लागले. गळ्यातला तो हार आता चोरीचा नव्हता.

त्यानंतरच्या दिवाळीनंतर सर गेले. काकूंनी ती बारा पुस्तकं मला दिली. रेहल गफूरभाईंना परत द्यायला गेले तर त्यांनी घेतली नाही. "किताब तुमच्याकडं हाये तं ते बी तिथंच राहू द्या," म्हणाले. मी आता त्या पुस्तकांतलं एक एक वाचते. पाय धुऊन. इथं हसायला कुणी नाही, आणि असतं तरी मला फरक पडला नसता.

मागच्या महिन्यात खामगावहून येताना गाडीत कंडक्टरनं माझं तिकीट फाडलं आणि तो तिथंच रेंगाळला. चाळिशीचा गडी, कानाशी पांढरे केस. सरांचा विद्यार्थी, समारंभाला ड्युटीमुळे आला नव्हता, पण चिठ्ठी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"मॅडम, मह्या पोरीच्या गाईडात अजून तेच उत्तर छापेल हाये," तो म्हणाला. "मी पेनानं खोडलं. वर लिवलं, दिवा दुसऱ्याचा व्हता. तिनं इचारलं, कोनी सांगतलं? मी म्हटलं, मह्या सरानं. पयले चुकीचं सांगतलं, मंग खरं सांगतलं."

घंटीची दोरी ओढून तो पुढच्या सीटकडे गेला.